घरामागची सांदवाडी

कारंजा (घाडगे) येथील आमचें राहतें घर गेल्या माघांत आम्हीं दुरुस्तीस काढलें आणि पहिल्याच दिवशीं ध्यानांत आलें कीं, घराचा विचार सर्वांनीं केला होता, पण घरामागच्या जागेचा कोणींच केला नव्हता. गवंड्यानें मागील दारीं उभें राहून सांगितलें कीं, विहिरीवर स्लॅब टाकून, संत्र्याचें झाड काढून आणि उरलेल्या जागेंत फरशी बसवून दोन ऐसपैस खोल्या सहज निघतील. त्याचें म्हणणें हिशेबाला धरून होतें. घरांत माणसें वाढलीं होतीं, मुलांना अभ्यासास जागा नव्हती. आणि पाहूं गेल्यास ती सारी जागा एक झाड, केळीचीं दोन बेटें, मोडकळीस आलेलें तुळशीवृंदावन आणि धोप्याचीं कांहीं पानें एवढ्यांनींच अडविली होती. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पुढें जें लिहीत आहों तें बरेंचसें त्या आठ दिवसांत सुचलेलें आहे.

कारंजा म्हटल्याबरोबर पुष्कळांस लाडांचें कारंजा आठवतें. तें वाशीम जिल्ह्यांत आहे. आमचें हें नागपूर-अमरावती रस्त्यावरचें, वर्धा जिल्ह्यांतील, पूर्वीं आर्वी तहशिलींत मोडणारें. पुण्याकडे ज्याला परस म्हणतात त्या घरामागच्या जागेस आमच्या भागांत सांदवाडी म्हणतात. इतिहास म्हटला कीं आपली दृष्टि राजवाडे, गड आणि तह यांजकडे जाते. घरामागच्या आठ-दहा हात जमिनीला इतिहास असेल ही कल्पना प्रथमदर्शनीं हास्यास्पदच वाटते. पण आमच्या मुलखापुरतें तरी असें म्हणतां येईल कीं, येथले मोठमोठे वाडे पडले, जळले किंवा विकले गेले आणि वाड्यामागें लाविलेलें मात्र टिकलें.

जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग मानलेले आढळतात, काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची जमीन, पांढरी ही वस्तीची. हा भेद केवळ सारा-वसुलीच्या सोयीसाठीं नव्हता. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. तिची भिंत उभी राहत नाहीं. म्हणून भिंतीसाठीं माती खणावयाची ती पांढरींतली. ही पांढरी बनली तरी कशी? पिढ्यान् पिढ्या त्याच जागीं घरें बांधलीं गेलीं, पडलीं, त्यांच्याच मातीवर पुनः बांधलीं गेलीं. चुलीची राख, गोठ्याचा केर, गुराढोरांचें मूत्र हें सर्व तींत मुरत गेलें. अशा मातींत सोरा तयार होतो. मातीच्या जुन्या भिंतीस तळाशीं जो लोणा लागतो त्यांत याच जातीचे क्षार असतात. तोफा-बंदुकांच्या काळीं दारूसाठीं लागणारा सोरा अशाच मातींतून काढीत. आणि शेतकरी पडक्या घराची माती गाड्या भरभरून शेतांत नेई, कारण ती उत्तम खत आहे हें त्याला पुस्तकावांचून ठाऊक होतें. घर पडलें म्हणजे त्याचें नुकसान होई खरें, पण पडलेल्या घरालाहि किंमत होती. आजच्या पडलेल्या घराला ती नाहीं. उलट मलबा उचलून नेण्याचेच पैसे मोजावे लागतात.

जुन्या घराची दुरुस्ती ही एकदांच करावयाची गोष्ट नव्हती, हें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. ती दरसाल चाले. पावसाळ्यापूर्वीं, वैशाख-ज्येष्ठांत, कवेलू फेरले जात. फुटके निघत ते सांदवाडींत जाऊन झाडांच्या आळ्याभोंवतीं उभे रोवले जात. त्यानंतर मृग लागला कीं दोडका, कोहळें, वाल यांचे वेल लावावयाचे आणि ते वाढले म्हणजे त्याच छपरावर चढवावयाचे. कवेलू फेरावयाचे असतील तेव्हां छपरावर वेल नसे आणि वेल असे तेव्हां छपराला हात लावण्याचें कारण नसे. पाऊस ओसरून दसरा-दिवाळी जवळ आली कीं भिंती छाबावयाच्या, ओसरी सारवावयाची. खरवडून काढलेली माती पुनः सांदवाडींत. न्हाणीचें पाणी चर काढून केळीला आणि धोप्याला. चुलीची राख वांग्या-मिरच्यांवर, मावा पडूं नये म्हणून. गोडलिंब विहिरीच्या कडेला, तुळस अंगणांत, आणि गोठ्यालगत उकिरडा. घर आणि बाग यांचें देणें-घेणें असें बारमहा सुरू असल्यामुळें दुरुस्तीनें बाग मेली असें कधीं होत नसे. उलट दुरुस्ती निघाली कीं बागेला खत मिळे.

या व्यवस्थेचें गुणगान करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. ती बायकांच्या श्रमावर उभी होती. सारवणें, छाबणें, पाणी शेंदून आळीं भरणें हीं कामें पुरुषांनीं क्वचितच केलीं. मातीच्या घराच्या थंडाव्यावर सुरेख लिहिणाऱ्यांपैकीं किती जणांनीं हातांत शेणाचा गोळा घेतला असेल कोण जाणे. वाळवी, विंचू, गळकें छप्पर हींहि त्याच घरांत होतीं. आमच्या घरांतील वडील स्त्रियांनीं पक्क्या घराचा आग्रह धरला तो उगाच नव्हे, आणि तो मोडून काढण्याचा अधिकार आम्हांस होता असें आम्हांस वाटत नाहीं.

पण झाडाचें काय? बांधकामाला जागा हवी, लांकूड हवें, आणि झाड आड येतें हा प्रसंग नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं राज्यनीतीवर जें आज्ञापत्र लिहिलें त्यांत आरमाराच्या प्रकरणीं हा प्रश्न आला आहे. (त्यांतला हा भाग शिवाजी महाराजांचें पत्र म्हणून पुष्कळदां सांगितला जातो, ग्रंथ त्यांच्या पश्चात् झालेला आहे.) गलबतांसाठीं लांकूड तर पाहिजेच, पण आंबे-फणसांना हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेकरांसारखीं बहुत काळ वाढविलेलीं असतात, तीं तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाहीं, असा त्याचा आशय आहे. जें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तेंच धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावें. आरमार ही राज्याची केवढी निकड! तिच्यापुढेंहि दारच्या आंब्याचें म्हणणें ऐकून घ्यावें असें ज्या अमात्याला वाटलें, त्याच्या पुढें आमच्या दोन खोल्यांची निकड ती किती असणार?

आमच्या मागील दारचें झाड आंब्याचें नसून संत्र्याचें होतें, आणि संत्र्याची कथा तर मुळांत घरच्या बागेचीच कथा आहे. आज काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, आष्टी, कारंजा या सलग पट्ट्यांत जिकडे तिकडे संत्र्याच्या बागा दिसतात. हें फळ येथें अनादि काळापासून असावें असा कोणाचाहि समज होईल. तसें तें नाहीं. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरच्या भागांत औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, संत्र्याचीं रोपें आणवून आपल्या घरच्या बागेंत लाविलीं, असें परंपरेनें सांगितलें जातें. राज्याचें उत्पन्न वाढावें म्हणून काढलेली ही योजना नव्हती. मुदपाकखान्याच्या मागें चार झाडें असावींत एवढाच हेतु असावा.

भोसल्यांना बागांचा शोक मोठा. शहरांत तुळशीबाग, लगत महाराजबाग, बाहेर तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगांव, पालडी अशा त्यांच्या बागा होत्या. ज्या रघुजींनीं संत्रें आणलें त्यांनींच नागपुरांत काळ्या दगडाचा, कोरीव लांकूडकामानें नटलेला मोठा राजवाडा बांधविला. बांधकाम आणि बाग हीं दोन्ही एकाच धन्याच्या हातून, एकाच कारकीर्दींत झालीं. म्हणून त्यांच्या पुढच्या नशिबाची तुलना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवची लढाई हरली, डिसेंबरांत गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह होऊन कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वर्धा नदी ही सरहद्द झाली. आमचें कारंजा नदीच्या पूर्वेस, म्हणून भोसल्यांकडे राहिलें. रघुजी १८१६ सालीं वारले. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघुजी औरस पुत्रावांचून वारले आणि पुढच्या वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. मागाहून राजघराण्याचें जवाहीर आणि हत्ती-घोडे लिलांवांत निघाले. राहिला होता वाडा, तो १८६४ सालीं आगींत जळाला. त्याचा नगारखान्याचा दरवाजा तेवढा वांचला.

दगड आणि सागवान यांची ही गत झाली. चार रोपांची गत पाहा. १८६२ सालीं नागपुरापासून निराळा काढून वर्धा जिल्हा करण्यांत आला. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोंचली, आणि जें फळ टोपलींतून बाजारापर्यंतच जात असे त्याला दूरच्या पेठा उघडल्या. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरावयाचा, त्या झाडाचा डोळा पुढच्या खुंटावर, अशी परंपरा बागेबागेंतून चालत आली. १९८५ सालीं नागपुरास लिंबूवर्गीय फळांसाठीं राष्ट्रीय संशोधन-केंद्र निघालें, आणि २०१४ सालीं नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. सनदा देणारे राजे गेले, आणि त्यांच्या परसांतल्या झाडाला सरकारनें सनद दिली, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

राजांची गोष्ट निराळी, आपण साधीं माणसें, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं आमच्याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण घेतों. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्यासाठीं जमनालाल बजाज यांनीं वर्ध्याचें आपलें बागेंतील घर भोंवतालच्या बागेसकट देऊन टाकलें. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्यास मगनवाडी नांव पडलें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनीं पुढें १९४५ सालीं चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांतला निसर्गाचें चक्र न तोडतां जगण्याचा विचार म्हणजे आमच्या पांढरी मातीचाच विचार आहे. फक्त त्याला शास्त्राचा पोशाख चढविलेला आहे. १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी सेगांवास राहावयास गेले. शेगांवाशीं होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठीं १९४० सालीं त्याचें सेवाग्राम झालें. घर बांधण्याचें काम मीराबेन यांजकडे होतें. पांचशें रुपयांच्या आंत, जवळपास मिळणाऱ्या सामानानें आणि गांवच्याच मजुरांकडून तें व्हावें अशी अट होती. तें आदिनिवास. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मीराबेन यांनीं मुळांत स्वतःसाठीं बांधली होती. गांधीजी तींत राहावयास आले तेव्हां गरजेप्रमाणें तींत फेरफार करून ती वाढविण्यांत आली. म्हणजे जगांत गाजलेली ही झोंपडीसुद्धां एक दुरुस्त केलेलें घर आहे! आवारांत गांधीजींनीं पिंपळ लाविला, कस्तुरबांनीं बकुळ लाविली. आम्ही मागें एकदां पावसाळ्याच्या तोंडीं तेथें गेलों होतों, तेव्हां कुटीच्या डागडुजीचें काम चाललें होतें. मातीचें घर जपावयाचें तर तें दरवर्षीं थोडें थोडें नवें करावें लागतें. पिंपळाला मात्र असें कोणी कांहीं करीत नाहीं. तो आपला वाढतो आहे.

एवढा सगळा इतिहास पोटांत घालूनहि आमच्या हातून चूक झालीच. आठव्या दिवशीं आम्हीं गवंड्यास सांगितलें कीं, झाड आणि विहीर राहतील, खोली एकच होईल आणि तीहि चार हात आखूड. तो कांहीं बोलला नाहीं. फक्त नकाशाची घडी करून खिशांत घातली. काम सुरू झालें. झाड तेव्हां आंबिया बहाराला फुललेलें होतें, आणि भिंती पाडण्याची धूळ सगळी त्या मोहोरावर बसत होती. मलबा ठेवावयास दुसरी जागा नाहीं म्हणून आम्हींच तो झाडाच्या बुंध्याशीं रचावयास सांगितला. चार दिवसांत उचलूं म्हणतां म्हणतां पाऊस आला. सिमेंटचीं घमेलीं धुतलेलें पाणी उताराउतारानें त्याच आळ्यांत जात होतें, तेंहि कोणी पाहिलें नाहीं. श्रावणांत बुंध्यावर डिंकाचे ओघळ दिसले आणि शेंड्याकडचीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

संत्र्याच्या झाडाचा प्राण त्याच्या कलमाच्या सांध्यांत असतो. खालचा जंबेरीचा खुंट ओल सोसतो, वरचें संत्रें सोसत नाहीं. म्हणून जेथें डोळा भरला ती जागा मातीच्या चांगली वर राहिली पाहिजे. ती मलब्याखालीं गेली, ओल धरली, कीं बुरशी शिरते आणि झाड डिंक गाळूं लागतें. आमच्याकडचे बागाईतदार याला डिंक्या म्हणतात, आणि डिंक्यानें गेलेल्या बागा या भागांत कोणीं पाहिल्या नाहींत असें नाहीं. पानांचें पिवळेपण हें दुसरें दुखणें: सिमेंट भिजतांना त्यांतून चुना सुटतो, तो मातींत भिनला कीं जमिनींतलें लोह मुळांना घेतां येत नाहीं. १८२४ सालीं इंग्लंडांत अ‍ॅस्पडिन नांवाच्या गवंड्यानें ज्या सिमेंटचें पेटंट घेतलें आणि १९१४ सालीं पोरबंदरास ज्याचा कारखाना निघाला, तें भिंतीला उत्तम आहे याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण जुन्या भिंतीची माती आळ्यांत घालावयाची ही जी पिढ्यांची संवय, ती नव्या भिंतीच्या मलब्याला लागू करूं गेल्यास ती झाडाच्या जिवावर उठते, हें आम्हांस ठाऊक असतें तर बरें झालें असतें. दरसालची लहान दुरुस्ती गेली आणि चाळीस-पन्नास वर्षांतून एकदां येणारी मोठी दुरुस्ती आली. ती येते तेव्हां सांदवाडीचे काय हाल होतात हें सांगणारा अनुभवी माणूस घरांत उरलेला नसतो, कारण मागच्या वेळचीं माणसें निघून गेलेलीं असतात.

उपाय केला तो असा. मलबा उचलून बुंधा मोकळा केला, डिंक खरवडून सालीचा खराब भाग धारदार चाकूनें काढला आणि बोर्डो मलम लाविलें. हें मलम मोरचूद आणि कळीचा चुना यांचें. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फ्रान्सांत बोर्डो येथील मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकानें द्राक्षवेलींवरील भुरीसारख्या एका रोगावर १८८५ सालीं या मिश्रणाचा उपयोग जाहीर केला, त्यावरून हें नांव पडलें. जो चुना मुळाशीं विष झाला तोच खोडावर औषध झाला, याचें घरांतल्या मुलांना मोठें नवल वाटलें. आळ्यांतली वरची वीतभर माती काढून टाकली. तिच्या जागीं काय घालावें हा प्रश्न मात्र आपोआप सुटला. माजघराची एक जुनी भिंत अद्याप पाडावयाची होती. तिच्यावर सिमेंटचा हात कधींच लागलेला नव्हता, आणि तळाशीं लोणा चांगला हातभर चढलेला होता. ती भिंत आम्हीं निराळी उतरविली. माती कुटून चाळली, महिनाभर पावसांत उघडी ठेवली म्हणजे तिच्यांतला खारटपणा धुपून जावा, आणि मग शेणखताबरोबर थोडी थोडी आळ्यांत, बाकीची केळींना दिली. दसऱ्याच्या सुमारास नवी पालवी दिसूं लागली. फळ या वर्षीं अगदींच थोडें धरलें. त्याबद्दल झाडाला बोल लावण्याची सोय नाहीं.

खोली झाली आहे. मुलें तींत बसतात आणि खिडकींतून हात बाहेर काढून झाडाचीं पानें चुरगळून वास घेतात, अभ्यास किती करतात तें निराळें. विहिरीवर स्लॅबऐवजीं लोखंडी जाळी बसविली. न्हाणीचें पाणी पूर्वींच्याच चरानें केळींकडे जातें. फक्त साबणाचें पाणी निराळें काढावें लागलें, कारण आजोबांच्या वेळीं घरांत साबण इतका वापरला जात नसे. वृंदावनाचें काम तेवढें राहिलें आहे. त्यासाठीं गवंडी परवां आला होता. त्यानें चौथरा आंखला, मग मागें जाऊन आळें पाहिलें, बोटानें माती उकरून पाहिली आणि जातांना विचारलें कीं, त्या भिंतीची माती अजून शिल्लक असेल तर दोन घमेलीं आमच्या घरच्या वांग्यांना न्यावीं काय. आम्हीं चार दिलीं.